प्लेटीपुढचा खड्डा

मी खो-खोची बाई. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं समजायला बरं. जळगावात एका शाळेत मी बावीस वर्षं पीटी शिकवते आहे. आधीचे सर निवृत्त झाले तेव्हा चार ग्लोव्हज, दोन बॅटी आणि एक चेपलेलं हेल्मेट असलेलं पोतं माझ्या टेबलाशेजारी ठेवून गेले. म्हणाले, "मॅडम, खो-खोत गर्दी फार झाली. सॉफ्टबॉलमध्ये मुली लवकर पुढे जातात." सर खोटं बोलले नव्हते. मुली खरंच पुढे गेल्या. एकजण पोलिसात आहे, एकजण माझ्यासारखीच पीटीची बाई झाली. आणि एकजण, जिच्यासाठी हे लिहायला बसले, ती चोपड्याला अकरावीत आहे आणि चेंडू हातात धरत नाही.

ती आठवीत आमच्या शाळेत आली. गाव चोपड्याच्या अलीकडचं, केळीचं. वडील दुसऱ्याच्या बागेत घड तोडायचे आणि ट्रकमध्ये भरायचे. पोरगी जळगावात मेहरूणला मावशीकडे राहायला आली, शाळेसाठी. लांबलचक हात, मावसभावाचे दोन नंबर मोठे बूट आणि काहीही सांगा, उत्तर ठरलेलं: "हो मॅडम." मला अशा पोरी आवडतात, खोटं कशाला बोलू. उलट उत्तर देणाऱ्या पोरींनी माझं अर्धं रक्त आटवलंय.

पिचिंग म्हणजे काय ते दोन वाक्यांत सांगते. जमिनीत एक रबरी पट्टी बसवलेली असते, तिला प्लेट म्हणतात. पिचरने एक पाय त्या प्लेटीवर ठेवायचा, हात रहाटासारखा पूर्ण गोल फिरवायचा, दुसऱ्या पायाने पुढे झेप घ्यायची आणि कमरेजवळून चेंडू सोडायचा. प्लेटीवरचा पाय मात्र उचलायचा नाही. तो मातीतून ओढत आणायचा, मागे रेघ उमटली पाहिजे. पाय उचलून पुढे पुन्हा टेकवला आणि तिथून जोर घेतला, तर तो फाउल. अंपायर हात वर करतो, समोरच्या बॅटरला फुकटचा बॉल मिळतो. फाउलचे किंवा वाकडे पडलेले, असे चार बॉल झाले की बॅटर न मारताच पहिल्या बेसवर जाते. खेळातला हा सगळ्यात साधा नियम. पुस्तकात आहे. पुस्तक माझ्या कपाटात आहे.

आमची पोरगी पाय उचलायची. बारीकशी उडी. पण त्या उडीनंतर चेंडू असा यायचा की कॅचर पोरगी संध्याकाळी तळहात पाण्यात बुडवून बसायची. ग्लोव्हमध्ये चेंडू बसल्याचा आवाज वर स्टाफरूमपर्यंत ऐकू यायचा. गणिताचे सर म्हणायचे, "मॅडम, खाली फटाके फोडताय का?" आणि मी बाई ताठ मानेने हसायचे.

आता कुणी विचारेल, उडी दिसत नव्हती का? दिसत होती. आमच्याकडे तालुक्याला आणि जिल्ह्याला अंपायर कोण असतात? आम्हीच. या शाळेचे सर त्या शाळेच्या मॅचला उभे, त्या शाळेची बाई या शाळेच्या. सकाळी एकमेकांच्या डब्यातली कळण्याची भाकरी खायची आणि दुपारी एकमेकांच्या पोरींना फाउल द्यायचा? जमत नाही हो. आज तुमच्या पोरीचं मी सोडलं, उद्या माझ्या पोरीचं तुम्ही सोडा. कुणी ठरवलेलं नाही, पण सगळ्यांना ठाऊक. एकदा चहा पिताना एक सर हळूच म्हणाले होते, "मॅडम, तुमची पोरगी उडी मारते बरं का." मी म्हटलं, "सर, आधी चष्म्याचा नंबर तपासा." सगळे हसले, तेही हसले. विषय संपला.

दोन वर्षं असा विषय संपत राहिला. पोरगी दहावीत आली. त्या वर्षी आम्ही जिल्हा जिंकला. फायनलला बाहेरचा एक अंपायर होता, वयाने लहान, परीक्षा पास झालेला. त्याने मॅचभर काही दिलं नाही. बक्षीस समारंभ झाल्यावर मला बाजूला घेतलं. म्हणाला, "मॅडम, आज मी गप्प राहिलो, कारण बाकीचे सगळे गप्प होते. धुळ्याला विभागीयला कुणी गप्प राहणार नाही. प्रत्येक चेंडूला हात वर होईल." मी त्याला उर्मटपणे थँक्यू म्हटलं. पण घरी येईपर्यंत मला पटलं होतं, पोराचं खरं आहे.

आणि नेमकं त्याच वर्षी त्या पोरीचं सगळं धुळ्यावर टांगलेलं होतं. मावशीच्या घरी दोन खोल्या, त्यात मावसभावाचं लग्न ठरलेलं. दहावीनंतर तिला तिथे जागा नव्हती. जळगावातलं एक कॉलेज खेळाडू मुलींना वसतिगृहात ठेवून घेतं, पण राज्यस्तर खेळलेलीच हवी. विभाग जिंकला तर टीम राज्याला जाणार, म्हणजे पोरगी जळगावात राहणार, खेळणार. हरली तर गावी परत, चोपड्याच्या कॉलेजला एसटीने जाऊन-येऊन. तिथे सॉफ्टबॉल नाही. वडील मला भेटायला शाळेत आले होते, टोपी हातात धरून उभे. मी खुर्ची दिली तरी बसले नाहीत. म्हणाले, "बठ्ठं तुमना हातमां शे, मॅडम." सगळं माझ्या हातात. मीही मोठ्या तोऱ्यात म्हटलं, "भाऊ, काळजी करू नका."

धुळ्याला दीड महिना होता. दीड महिन्यात एक पाय जमिनीवर टेकवून ठेवायचा, एवढंच काम. मला वाटलं, त्यात काय.

पहिल्या दिवशी मी तिला नीट समजावलं. "हो मॅडम." पाय उचलला. दुसऱ्या दिवशी बुटाच्या टोकाला पोत्याचा तुकडा बांधला, म्हणजे ओढताना आवाज येईल. पोत्याचा तुकडा हवेत उडायला लागला. मग फोनवर तिची फेक हळू करून दाखवली. ती डोळे मोठे करून बघायची, "हा माझा पाय आहे?" म्हणायची, आणि जाऊन परत उचलायची. मी टाळ्या वाजवून ताल दिला. एकवर हात पुढे, दोनवर हात डोक्यावर, तीनवर चेंडू. पोरी मागे उभ्या राहून माझ्यासोबत टाळ्या वाजवायच्या, मैदानावर नुसता भोंडला.

तेव्हाच माझं लक्ष प्लेटीपुढे गेलं. आमचं मैदान काळ्या मातीचं. पावसात चिखल, उन्हात भेगा. प्लेटीच्या बरोबर पुढे, इतक्या वर्षांच्या पोरींच्या पायांनी, घमेलं बसेल एवढा खड्डा पडला होता. पाय ओढायला गेलं की बोटं त्यात अडकणार. कोण ओढेल? मी शिपायाला बोलावून भर मैदानात झापलं. पाच वर्षं सांगते आहे, दोन पाट्या मुरूम टाक म्हणून, तुम्हा लोकांना ऐकू येत नाही का. मग मुख्याध्यापकांकडे जाऊन तिथेही बोलले. तो बिचारा शिपाई दुसऱ्या दिवशी सायकलवर पाट्या बांधून मुरूम घेऊन आला, खड्डा भरला, पाणी मारून धुमसाने ठोकला. बैल गेला अन् झोपा केला, पण केला. जमीन तळहातासारखी सपाट झाली.

पोरगी प्लेटीवर उभी राहिली, हात फिरवला आणि नसलेल्या खड्ड्यावरून उडी मारली.

मी डोकं धरून पायरीवर बसले. तीही माझ्याकडे बघत उभी. म्हणाली, "मॅडम, आता तर खड्डा नाही. तरी पाय ऐकत नाही." तिला रडू येत होतं आणि मला राग. मी म्हटलं, "पाय कुणाचा आहे? माझा आहे का?" बोलून गेले. माझी जीभ अशीच आहे.

तीन आठवड्यांनी पाय खाली आला. खरंच आला. मातीत रेघ उमटायला लागली, सरळ, सुंदर. मी आनंदाने पोरींना समोसे खाऊ घातले. पण दुसरंच काहीतरी बिघडलं होतं. त्या उडीत तिचा अर्धा क्षण जायचा, आणि तिच्या हाताला त्या अर्ध्या क्षणाची सवय होती. आता पाय लवकर टेकायचा आणि हात अजून डोक्यावरच. चेंडू उशिरा सुटायचा. कॅचरच्या डोक्यावरून मागच्या भिंतीवर. ती घाईने हात आणायची, मग चेंडू तिच्याच पायाशी आपटायचा. जो चेंडू स्टाफरूमपर्यंत ऐकू यायचा, तो आता मुकाट गवतात जाऊन पडायला लागला. गणिताच्या सरांनी एकदाही विचारलं नाही, फटाके बंद का झाले म्हणून. त्यांनाही कळलं असावं.

इथे माझं शहाणपण संपलं. खो-खोत मी कुठल्याही पोरीला सांगू शकते, खांबाला वळसा घालताना खांदा कुठे हवा, कारण ते माझ्या अंगात आहे. झोपेतून उठवलं तरी सांगेन. पण हा गोल फिरणारा हात माझ्या अंगात कधीच नव्हता. मी पुस्तक आणि व्हिडिओ बघून शिकवत होते. सगळं नीट चाललं होतं तोवर ते खपलं. बिघडल्यावर काय हलवायचं, पाय, कंबर, की खांदा, हे मला ठाऊक नव्हतं. एका रविवारी मी गच्चीत चेंडू घेऊन स्वतः फेकून बघितलं. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी. चेंडू पाण्याच्या टाकीवर आदळला आणि माझा खांदा आठ दिवस वर होईना. नवरा म्हणाला, "तुला काय राज्याला जायचंय?" मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही.

मला जे जमलं ते मी केलं, म्हणजे ओरडले. दीड महिना त्या पोरीवर ओरडले. "लक्ष कुठे आहे", "खांदा मोकळा सोड", "आवळू नको", आणि लगेच "ढिली पडू नको". ती प्रत्येक वेळी म्हणायची, "हो मॅडम." सकाळी मेहरूण तलावाभोवती एकटी पळायची, पळताना हात गोल फिरवत. चालायला येणारी म्हातारी माणसं तिला रस्ता सोडून द्यायची. हे मला तिच्या मावशीने सांगितलं.

धुळ्याचं मैदान आमच्या मैदानाच्या अगदी उलट. सपाट, रोलर फिरवलेलं, पांढऱ्या रेघा सुतासारख्या. प्लेट नवी. पुढे खड्डा नाही, काही नाही. अंपायर बाहेरच्या जिल्ह्यातली एक तरुण बाई, चेहऱ्यावरची माशी हलत नव्हती. तिने कुणाच्या डब्यातलं खाल्लं नव्हतं.

पहिला चेंडू पोरीने पाय ओढून टाकला. वर गेला. दुसरा वर. तिसरा जमिनीवर, चौथाही. पहिली बॅटर फुकट पहिल्या बेसवर गेली. दुसरीही तशीच. तिसरीला दोन बॉल झाल्यावर पोरीने चेंडू हातात घेऊन एक मोठा श्वास घेतला, आणि मला कळलं ती काय करणार आहे. तिने उडी मारली. चेंडू आला तो जुना चेंडू. कॅचरच्या ग्लोव्हमध्ये तो आवाज झाला, आमच्या बाकावरच्या पोरी उठून उभ्या राहिल्या, आणि अंपायरचा हात वर गेला. "इल्लीगल पिच." मैदान मोठं होतं, पण तिचा आवाज मला कानाशी ऐकू आला.

मी वेळ मागून आत गेले. पोरगी चेंडू दोन्ही हातांत धरून उभी होती. घामाने केस कपाळाला चिकटलेले. तिने विचारलं, "मॅडम, कसं टाकू?"

साधा प्रश्न. ती मला प्रश्न कधी विचारत नसे. पाय उचलू की ओढू, हात आधी सोडू की नंतर, कुठलंही एक सांगा, मी तसं करते, असं तिचं म्हणणं होतं. आणि तिने केलंही असतं. मी तिच्या तोंडाकडे बघितलं, प्लेटीकडे बघितलं. मी म्हटलं, "कॉन्फिडन्सने टाक."

बावीस वर्षांत इतकं फालतू वाक्य मी दुसरं बोललेले नाही. ती म्हणाली, "हो मॅडम."

त्यापुढचं काय सांगू. माझ्याकडे दुसरी पिचर होती, नववीतली, हळू पण सरळ टाकणारी. तिला लगेच उतरवलं असतं तर कदाचित आम्ही तग धरला असता. मी थांबले. मला वाटत होतं, पुढचा चेंडू पडेल नीट, पुढचा तरी. एकेक पोरगी चालत बेसवर जात होती, चालतच फिरून होमला येऊन रन घेत होती, धावायचीही गरज नव्हती कुणाला. शेवटी मी पिचर बदलली तेव्हा मॅच हातातून गेलेली होती. ती बाकावर येऊन बसली, ग्लोव्ह मांडीवर ठेवला आणि मॅच संपेपर्यंत इतर पोरींसाठी टाळ्या वाजवत राहिली.

परतीच्या एसटीत बाकीच्या पोरी पारोळ्यापर्यंत पेंगल्या. ती माझ्या शेजारी येऊन बसली, खिडकीकडे. मला वाटलं, रडेल, आणि रडली असती तर मला बरं वाटलं असतं. रडणाऱ्या पोरीला काय म्हणायचं ते मला ठाऊक आहे.

ती म्हणाली, "मॅडम, खड्डा बुजवला तेव्हा मला वाटलं होतं, आता जमेल."

मी लगेच सुरू झाले. "त्या शिपायाला मी पाच वर्षं सांगते आहे. वेळेवर भरला असता तर ही सवय तुला लागलीच नसती."

"मी पण सांगितलं होतं," ती म्हणाली. "आठवीत. तुम्हाला."

"काय सांगितलं होतंस?"

"पाय खड्ड्यात जातो म्हणून. तुम्ही म्हणाल्या, नाचता येईना अंगण वाकडं. मग म्हणाल्या, पाय उचलून पुढे टाक, मरत नाहीस. मग मी उचलायला लागले."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. फेक कशी शिकले ते सांगत होती, एवढंच. आणि मला आठवलं. पूर्ण नाही, अर्धवट. मी पायरीवर बसून हजेरीपत्रक भरत होते. कुणीतरी पोरगी मोठ्या बुटांत समोर उभी होती, काहीतरी पायाचं सांगत होती. मी मान वर करूनही बघितलं नव्हतं. ही म्हण मी दिवसातून दहा पोरींना ऐकवते. त्या दिवशी अंगण खरंच वाकडं होतं, आणि पोरीने जसं सांगितलं तसं केलं. दोन वर्षं केलं. इतकं मनापासून केलं की ते तिच्या हाडात गेलं, आणि मग मीच दीड महिना ओरडून ते काढायला निघाले.

मी विचारलं, "मग एवढे दिवस बोलली का नाहीस?"

"मला वाटलं, तुम्हाला आठवत असेल," ती म्हणाली. "आणि तुम्हीच शिकवलेलं होतं ना. चुकीचं कसं असेल?"

एरंडोल आलं. कुणीतरी उतरलं, कुणीतरी चढलं. मी तिला काहीतरी म्हणायला हवं होतं. चुकले, एवढा एक शब्द होता. तो माझ्या तोंडाला सवयीचा नाही. मी तिच्या हातावर हात ठेवला, तिने ठेवू दिला, आणि जळगावपर्यंत आम्ही तशाच बसलो.

स्टँडवर तिचे वडील आले होते. दिवाळीची सुट्टी लागणार होती, तिला गावी न्यायला. दिवस अजून मावळला नव्हता. खांद्यावर गोणी, गोणीत मालकाने दिलेली कच्ची केळी. त्यांनी पोरीकडे बघितलं. तिने मान हलवली, नाही म्हणून. त्यांनी एकदा तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि माझ्याकडे वळले. त्यांच्या चेहऱ्यावर रागाचा लवलेश नव्हता. असता तर मी भांडले असते, आणि भांडताना खरं बोलले असते.

"तुम्ही पोरकरता भलती मेहनत करी, मॅडम," ते म्हणाले. "तिनं नशीब, दुसरं काय." आणि गोणीतून एक मोठी फणी काढून दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरली.

पोरगी त्यांच्यामागे उभी होती. माझ्याकडे बघत होती, शांतपणे. तिने त्यांना काही सांगितलं नव्हतं, आणि सांगणार नव्हती, हे मला तिथेच कळलं. सांगायचं तर मीच सांगायला हवं होतं. भाऊ, नशीब नाही हो, मी. मी तोंड उघडलं. मागे चोपड्याची गाडी लागली, कंडक्टर ओरडायला लागला. मी फणी हातात घेतली आणि माझ्या तोंडून निघालं, "पिकायला किती दिवस लागतील, भाऊ?"

त्यांनी मला सावकाश समजावून सांगितलं. गोणपाटात गुंडाळायची, वारा लागू द्यायचा नाही, तीन दिवस उघडून बघायचं नाही. मी म्हटलं, "हो भाऊ."